रैनूभाऊ, तू घसरला नव्हतास

रैनूभाऊ, जोहार.

गडचिरोलीहून एका पत्रकाराचा फोन आला होता. म्हणाला, गुरुजी, तुमचे इतक्या वर्षांचे संबंध, रैनूभाऊंवर चार ओळी लिहून द्या. जन्म, शिक्षण, कार्य, मागे कोण कोण. मी म्हणालो, जन्म त्याच्या आईला ठाऊक होता, ती गेली. शिक्षण नाही. कार्य विचारायचं असेल तर धानोऱ्याच्या पुढे जा आणि जंगल उभं आहे का ते बघून ये. त्याने घाईघाईने फोन ठेवला. नोकरी संपून सात वर्षं झाली तरी माझी जीभ निवृत्त झालेली नाही, असं तू म्हणायचास ते खरंच आहे.

त्या चार ओळी मी देणार नाही. मला दुसरंच लिहायचं आहे आणि तुलाच लिहायचं आहे. गेल्या आखाडात आपण दोघं पृथ्वीच्या पार वरच्या टोकाजवळ, एका बेटावर गेलो होतो. तिथे मी तुझ्या नावाने खोटं बोललो. तू म्हणालास, जा, खरं सांगून ये. मी उद्या म्हणालो, मग परवा म्हणालो. मग आपण परत आलो, दिवाळी गेली, होळी गेली, आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका सकाळी तू टोपली घेऊन झाडाखाली बसलास तो उठलाच नाहीस. माझं सांगायचं तसंच राहिलं.

आपण तिथे गेलो होतो हे लोकांना अजून खरं वाटत नाही. मी आता राहतो त्या मूल गावच्या बाजारात अलीकडेही एकाने विचारलं, "गुरुजी, तिथी काय पाह्यलं? बरफच ना?" मी हो म्हणून टाकतो. तुमच्या गावाच्या जंगलाचा अभ्यास करायला येऊन दोन वर्षं तुझ्या पडवीत राहिलेली ती परदेशी आना, तिनेच हे सगळं घडवलं. ती आता तिकडे जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर व्याख्यानं देते. शंभरएक प्रवासी, सगळे सुखवस्तू, प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण. त्यांना जंगल राखणाऱ्या माणसाच्या तोंडून जंगल ऐकवावं असं तिच्या मनाने घेतलं. तू पाहुणा आणि मी तुझा दुभाष्या. तू गोंडीत बोलायचं, मी ते इंग्रजीत सांगायचं. त्या जहाजावर मला दुसरं कसलंही काम नव्हतं, रैनूभाऊ. एवढं एकच होतं.

आणि दुभाष्याने काय करायचं असतं हे मला तुझ्याइतकं कोण शिकवणार होतं? चोविसाव्या वर्षी मी तुमच्या शाळेवर आलो तेव्हा पोरांना मराठी येत नव्हती आणि मला गोंडी. तू शेतावरून यायचास, पाय धुऊन शाळेच्या उंबऱ्यात बसायचास, माझं बोलणं पोरांना सांगायचास आणि पोरांचं मला. सहा महिने हे चाललं. एकदा मी चिडून सगळ्या वर्गाला गाढव म्हणालो. तू तेही सांगितलंस. एक पोरगी काहीतरी बोलली तेव्हा तू माझ्याकडे वळून म्हणालास, "गुरुजी, थे म्हणते, हा मानूस घरी पन असाच बोंबलते का?" मी म्हणालो, अरे, हे कशाला मला सांगतोस? तर तू म्हणालास, "तू बोलला थे मी सांगतलं. थे बोलली थे कसा खाऊन टाकू?" तू मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत आलास. कलेक्टरसाहेबांनाही म्हणालास, आणि त्यांनाही त्याचा राग आला नाही.

जहाजावरचे पहिले दिवस आठवले की अजून हसू येतं. तू तंबाखू-सुपारीचा खर्रा पिशवीभर नेला होतास, तो चौथ्या दिवशी संपला, आणि त्यानंतर तुझ्या तोंडाकडे बघवेना. सूर्य बुडतच नव्हता. खिडकीवर जाड पडदा ओढला तरी फटीतून ऊन यायचं, आणि तू कंटाळून विचारायचास, "गुरुजी, हा कवा झोपते?" झाड कुठेच नव्हतं. तू सगळीकडे झाड शोधत होतास. मग आनाने जमिनीकडे बोट दाखवलं. दगडांच्या मध्ये बोटभर उंचीचा, जमिनीला चिकटलेला हिरवा पाला होता. ती म्हणाली, हेच इथलं झाड, याचं वय तुझ्याएवढं असेल. तू एकदम पाय उचलून मागे झालास. नंतर त्या बेटावर तू इतक्या जपून चालायचास की मागचे लोक ताटकळायचे.

त्यांचे नियम तुला सगळ्यांआधी पटले, हे मला आज मुद्दाम लिहायचं आहे. बेटावर उतरण्याआधी सगळ्यांचे बूट धुवायचे, खिसे झटकायचे, परक्या मुलखातलं बी तिथे जाता कामा नये. तुझ्या मोज्यात एक कुसळ निघालं. धानोऱ्याचं कुसळ, विमानं बदलत तिथवर आलेलं. तो लाल दाढीचा मुख्य गाईड ते चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवत होता आणि मी शरमेने खाली बघत होतो. तू मात्र खूश. "बराबर हाये ना. दुसऱ्याच्या जंगलात आपलं बी काऊन न्याचं?" त्यानंतर तू रोज आपले बूट धुऊन झाले की म्हाताऱ्या बायांचे बूट घासून द्यायचास. पांढरं अस्वलही पहिल्यांदा तुलाच दिसलं. गाईड दुर्बीण लावून डोंगर बघत होता आणि तू नुसत्या डोळ्यांनी म्हणालास, "थो पाय, बसून हाये." तो ठिपका दुर्बिणीतसुद्धा आम्हाला नीट दिसेना. त्या दिवसापासून लाल दाढीवाला तुझ्याकडे मानाने बघायला लागला. दोनच दिवसांनी तो मान मी घालवला.

त्या दिवशी आपण उतरलो तो किनारा सपाट होता. फार पूर्वी लांबून जहाजांनी येऊन देवमासे मारणारे लोक तिथे राहून गेले होते. आले त्यातले पुष्कळ तिथेच मेले. माती खणता येत नाही, ती बारा महिने गोठलेली असते, म्हणून मेलेल्यांवर नुसते दगड रचलेले. वीस-पंचवीस तरी ढीग होते. गाईडने बजावलं, इथे कशालाही हात लावायचा नाही. मी तुला तसंच सांगितलं. तू मान हलवलीस. 'हात लावायचा नाही' याचा अर्थ तू घेतलास, इथून काही उचलून न्यायचं नाही. तुमच्या जंगलात तोच अर्थ आहे.

मी आनाशी बोलत पुढे गेलो होतो. मागून कुणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर तू एका ढिगापाशी गुडघ्यावर होतास. ढिगाच्या डोक्याशी एक लांबट दगड आडवा पडला होता, तो तू उभा केला होतास. बुडाशी लहान दगडांच्या पाचरी मारल्या होत्यास आणि तळहाताने दाबून बघत होतास, हलतो का. तुझी टोपी शेजारी काढून ठेवलेली होती.

तू काय करत होतास ते मला एका नजरेत कळलं, रैनूभाऊ. तिथे असलेल्या सगळ्या माणसांत ते कळणारा मी एकटा होतो. तुमच्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड गावाच्या कडेला उभा करतात. तो कधी पडलेला दिसला तर ज्याच्या नजरेला पडेल त्याने तिथल्या तिथे उभा करायचा. कुणाचा आहे, आपला की परका, हे विचारायचं नाही. पडलेला दगड बघून पुढे जाणारा माणूस तुमच्याकडे माणसात धरत नाहीत. तुझ्या बापाचा दगड डोंगरावरून आणला तेव्हा बांबूला चौघांबरोबर माझाही खांदा होता. खांदा सोलून निघाला होता आणि तू त्यावर हळद लावली होतीस. मला ठाऊक नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

लाल दाढीवाला धावत आला. तो ओरडला नाही, तसा भला माणूस होता. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिथला दगड जिथे जसा आहे तिथे तसाच राहिला पाहिजे असा त्यांचा कायदा आहे आणि तो मोडणं हा गुन्हा आहे, एवढं मला कळत होतं. चाळीसएक माणसं गोळा झाली. दोघांनी मोबाईल वर धरले. तो मला म्हणाला, याला विचारा, याने हे का केलं?

मी तुला विचारलंसुद्धा नाही. मी सरळ त्याला सांगितलं, याचा पाय घसरला. वय झालं आहे. तोल जाताना आधाराला दगड धरला, तो हलला, मग घाबरून सरळ करायला गेला. माफ करा.

हे सगळं माझ्या तोंडून इतकं अस्खलित इंग्रजीत निघालं की मलाच नवल वाटलं. एरवी मी वाक्य जुळवत बसायचो.

आपल्याला जहाजावरून उतरवतील, आनाची नोकरी जाईल, म्हणून मी तसं बोललो असं मी तुला नंतर सांगितलं. स्वतःलाही कित्येक महिने तेच सांगत होतो. आज तसं सांगत नाही. मला तुझी लाज वाटली. गळ्यात दुर्बिणी घातलेल्या त्या चाळीस माणसांपुढे, टोपी काढून परक्या मेलेल्यापुढे गुडघे टेकलेला माझा माणूस बघून मला लाज वाटली. हे लोक आपल्याला अडाणी म्हणतील, असं वाटलं. तुमच्या गावात मी पस्तीस वर्षं जेवलो, आणि आत कुठेतरी मी तेव्हाही गावाकडे वरून बघणारा मास्तरच राहिलो होतो. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते आहे, पण लिहितो.

गाईडने सुस्कारा सोडला. त्याने तुझ्या पाठीवरून हात फिरवला. मग तो दगड हळूच काढून पूर्वी होता तसा आडवा ठेवला, पाचरी बाजूला केल्या, फोटो काढला. तू ते उभ्याने बघत होतास. एकदा हात पुढे केलास आणि मागे घेतलास. मग त्याने एक काठी आणून तुझ्या हातात दिली. म्हाताऱ्यांसाठी ठेवतात तशी, पट्ट्याची. तू काठीकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे पाहिलंस. इंग्रजीचं अक्षर न येता तुला सगळं कळलं होतं.

खोलीत आल्यावर तू आधी बूट काढून नीट ठेवलेस.

"काय सांगतलं त्याले?"

मी सांगितलं.

"मी कवा घसरलो?"

"अरे, जहाजावरून उतरवलं असतं आपल्याला."

"उतरवलं असतं तं उतरलो असतो."

"समुद्रात कुठे उतरणार होतास? हे काय धानोऱ्याचं स्टँड आहे?"

त्यावर एरवी तू हसला असतास. हसला नाहीस. म्हणालास, "तू काऊन खोटं बोलला, गुरुजी? मी चोरी नाई केली. थो पडून होता, मी उभा केला. हे सांगाले काय लागते?" आणि मग, "जा, त्याले सांगून ये. दंड करते तं करू दे."

मी वाद घातला. वाद घालायला मला कधी काही कमी पडलं नाही. म्हणालो, त्यांचंही चूक नाही, उद्या प्रत्येकाने येऊन आपल्या मनाने दगड हलवले तर तिथे काय उरेल? जे जसं पडलं तसं ठेवणं हेच त्यांच्याकडचं जपणं आहे. तू ऐकून घेतलंस. "आसंन त्यायचा कायदा. पन पडलेलं पडूच द्याचं, हे कसं जपनं? माह्या मेल्यावर मले असं जपू नको." मी म्हणालो, बरं, सांगतो उद्या. तू भिंतीकडे तोंड करून निजलास.

उद्या मी सांगितलं नाही. पुढचे दिवस तुला त्यांनी मागच्या, सावकाश चालणाऱ्या लोकांत टाकलं. अस्वल सगळ्यांआधी बघणारा माणूस, ज्याच्या मागे जंगलात चालताना मला धाप लागायची, तो हातात काठी घेऊन आजीबायांच्या रांगेत. होडीतून उतरताना दोन दोन जण तुला दंडाला धरायचे. गुडघे दुखणाऱ्या एका बाईला तू ती काठी देऊन टाकलीस आणि तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतलीस. लांबून मी बघायचो आणि नजर दुसरीकडे वळवायचो. जहाज सोडताना त्या बाईने तुझा हात दोन्ही हातांत धरला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी तुझं भाषण होतं. जहाजावरच्या हॉलमध्ये सगळे जमले, आनाने तुझी ओळख करून दिली. तू जंगलाबद्दल छान बोललास आणि मीही ते छान सांगितलं. बांबू कसा तोडायचा, किती ठेवायचा, गाव एकत्र बसून कसं ठरवतं. लोक माना डोलावत होते. मग तू थांबलास, माझ्याकडे न बघता समोर बघितलंस आणि म्हणालास, तिकडे एका मेलेल्या माणसाचा दगड पडला होता. ज्याची आई एवढ्या लांब राहिली, त्याचा दगड कोण उभा करणार? मी केला. तुमच्या कायद्याने ते चूक असेल तर मला दंड करा. पण मी घसरलो असं कुणी म्हणू नका.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाल दाढीवाला पहिल्या रांगेत होता.

मी म्हणालो, रैनूभाऊ म्हणतात, तुमचं बेट फार सुंदर आहे, तुम्ही आमचा चांगला पाहुणचार केलात, गावी जाऊन सगळ्यांना सांगेन.

केवढ्या टाळ्या पडल्या! तू दोन्ही हात जोडलेस. खाली उतरताना माझ्या कानाशी तोंड आणून विचारलंस, "समजलं का त्यायले?" मी म्हणालो, समजलं. तुझा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला पाहिला. जेवायला बसलास तेव्हा तू दोनदा भात घेतलास.

मला वाटलं होतं, तुला खरंच तसं वाटतं. तोच एक आधार होता. दिवाळीनंतर तुमच्या ग्रामसभेत तू उभा राहून सगळी हकीकत सांगितलीस. बूट धुणं, कुसळ, अस्वल, बोटभर झाड, सगळं. मग दगडाचं सांगितलंस. म्हणालास, "पहिले त्यायले कळलं नाई. मंग गुरुजीनं भाषणात सगळं समजावून सांगतलं, तवा टाळ्या वाजवल्या लोकायनं." गाव माझ्याकडे कौतुकाने बघत होतं. तुझी बायको सोमीबाई तर पदराने डोळे पुसत होती, अभिमानाने. मी सुपारी चघळत खाली मान घालून बसलो. तू माझ्याकडे बघून हसलास. ते हसू मी भाबडेपणाचं समजलो. पस्तीस वर्षांत तू कधी भाबडा नव्हतास, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

परवा तुझा दगड आणला. बांबूला खांदा द्यायला मी पुढे झालो, तर पोरांनी "गुरुजी, तुमी राहू द्या" म्हणून मागे सारलं. मी राहू दिलं नाही. चार पावलं तरी दिला खांदा. दगड उभा झाला, सगळ्यांचं जेवण झालं, आणि मग तुझी लेक सुनीता माझ्या शेजारी येऊन बसली. आता उपकेंद्रात नर्स आहे ती, गाव तिला घाबरतं. इंग्रजी मी शिकवलेलं. पाचवीत स्पेलिंग चुकलं की हिला मी बाहेर उभी करायचो.

म्हणाली, "गुरुजी, एक सांगू का? बाबा होते तवर बोलली नाई." मी म्हणालो, सांग.

आपण परत आल्यावर आठच दिवसांत आनाने तुझ्या भाषणाचा व्हिडिओ तिच्या मोबाईलवर पाठवला होता. तू पडवीत बसून तो तिला लावायला सांगितलास. माझं इंग्रजी ऐकून सुनीता म्हणाली, बाबा, दगडाचं गुरुजींनी सांगितलंच नाही. तू म्हणालास, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावला. तू म्हणालास, अजून एकदा. तीनदा ऐकलंस. ग्रामसभा त्याच्या कितीतरी नंतरची, रैनूभाऊ. तू सगळं ठाऊक असून उभा राहिला होतास आणि सगळ्या गावासमोर माझं नाव घेतलं होतंस.

मी तिला विचारलं, काय म्हणाले बाबा?

"म्हणले, गावात सांगू नको. गुरुजीले लय थंडी लागून राह्यली होती तिथी, दात वाजून राह्यले होते. बोलता बोलता राहून गेलं आसंन."

त्या हॉलमध्ये थंडी नव्हती. तुला आठवत असेल, आत इतकं गरम होतं की आपण दोघं नुसत्या सदऱ्यावर उभे होतो आणि आना हातातल्या कागदाने वारा घेत होती. वर्गातल्या त्या पोरीने माझ्याबद्दल विचारलेला प्रश्नसुद्धा गिळायला तयार नसलेला माणूस तू. जे घडलं नाही ते तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. लोक तुझ्याबद्दल खूप काही लिहितील, जंगलाबद्दल लिहितील. तुझं हे एक खोटं कुणी लिहिणार नाही, म्हणून मला लिहिणं भाग आहे. माझं खोटं सांगायचं तर तुझंही उघडं पडतं. त्याबद्दल तुझी माफी मागतो. माझ्या खोट्याची माफी मागायला तू कधी जागाच ठेवली नाहीस. मला खडसावायचं होतंस रे. चार लोकांत माझे वाभाडे काढायचे होतेस. निदान तुझ्याशी भांडून मी रडलो तरी असतो.

आनाला मी काल पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, लाल दाढीवाल्यालाही वाचून दाखव म्हटलं. तू भाषणात बोललास ते वाक्यन् वाक्य इंग्रजीत करून पाठवलं. दिवसभर लागला. भाषांतर चांगलं झालं आहे. तुझ्या जिवंतपणी झालं असतं तर त्याला काही अर्थ होता.

पण हे छापायला द्यायच्या आधी सोमीबाईंना तोंडाने सांगायला हवं होतं. आज सकाळी मूलहून पहिल्या गाडीने गेलो. त्या पडवीत बसल्या होत्या, समोर मोहफुलं वाळत घातलेली. तू वेचलेलीही त्यातच असतील, मी विचारलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. घसरल्याचं, काठीचं, भाषणाचं, टाळ्यांचं. तुला ठाऊक होतं हेही सांगितलं. म्हटलं आता त्या मला घरातून जायला सांगतील, आणि सांगावं असंच वाटत होतं. त्या फुलं हाताने पसरत राहिल्या. मग वर बघून म्हणाल्या,

"म्हंजे थो मानूस तिथी अजून पडूनच हाये?"

मी म्हणालो, हो.

"आन् कोनीच नाई उभा करनार त्याले?"

नाही, म्हणालो.

तू गेल्यापासून मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. तुझा दगड उभा होतानाही त्या कोरड्या होत्या. आता मात्र त्यांनी पदर तोंडात धरला आणि त्या रडायला लागल्या. नाव ठाऊक नसलेल्या, गाव ठाऊक नसलेल्या, कधीकाळी बर्फात मेलेल्या त्या कुणाच्या तरी लेकरासाठी रडायला लागल्या, आणि रडता रडता मध्येच तुला हाका मारायला लागल्या. मी त्यांच्याजवळ खाली बसलो. मग मलाही आवरलं नाही.